अर्ध्या पत्त्यांची तांडेल

परवा आमच्या सोसायटीचा मेल आला. पाण्याच्या टाक्यांची सफाई आहे, वेळापत्रकासाठी इथे दाबा. मी दाबलं. काहीच उघडलं नाही. नवऱ्याने त्याच्या फोनवर दाबून बघितलं, तिथेही तेच. तो म्हणाला, "नेट गेलंय." नेट गेलं नव्हतं. मी त्या लिंकवर बोट दाबून धरलं तेव्हा खाली तिचा पत्ता दिसला. नुसती एक तिरकी रेघ आणि तिच्यापुढे दोन शब्द. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "हा उभा कुठे आहे?"

"कोण?" नवऱ्याने विचारलं.

त्याला काय सांगणार? ते वाक्य माझं नव्हतंच. ते तांडेलचं.

भावना तांडेल. पण ऑफिसात तिला भावना कुणी म्हणत नसे. ती स्वतःसुद्धा फोन उचलला की "तांडेल बोलतेय" म्हणायची, आणि ते असं की समोरच्याला वाटावं, आपण हिला नुकतं झोपेतून उठवलं. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या एका औद्योगिक गाळ्यात आमचं ऑफिस होतं. काम एकच, दुसऱ्यांचे मेल पाठवायचे. दुकानांच्या सेलचे, शाळांच्या फीचे, लॅबच्या रिपोर्टचे. मी त्यातला मजकूर लिहायचे. तांडेल त्या मजकुराचा प्रत्यक्ष मेल बनवायची आणि त्यातली एकेक लिंक तपासून तो सोडायची. तिचं टेबल माझ्या टेबलाला चिकटून होतं, म्हणून तिच्याबद्दल थोडंफार मला माहीत. बाकी ती स्वतःहून काही सांगणाऱ्यातली नव्हती.

ती मढची. घर कोळीवाड्यात, भावाची बोट, आई बाजारात मासळी विकायला बसायची. पहाटे उठून आईच्या टोपल्या भरून द्यायच्या, मग आंघोळ, मग फेरीबोटीने वर्सोव्याला यायचं आणि तिथून रिक्षाने मरोळ. पावसाळ्यात बोट बंद झाली की मालाडवरून वळसा. म्हणजे आम्ही चहाचा पहिला कप हातात घेऊन "आज कंटाळा आलाय यार" म्हणायचो, तेव्हा तिचा निम्मा दिवस संपलेला असायचा. ती खुर्चीत बसायची ती गोणी खाली ठेवावी तशी. चष्मा कपाळावर, डोळे दोन्ही तळव्यांनी चोळायचे, चष्मा खाली. मग काम.

मी तिथे नवी असताना एका क्लासच्या मेलचा मजकूर लिहिला आणि त्यांच्या वेबसाइटवरची लिंक उचलून त्यात चिकटवली. वेबसाइटवर ती झकास चालत होती. तांडेलने मेल बघितला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "हा उभा कुठे आहे?"

"कोण?"

"हा. तुझा लिंक." लिंक तिच्या लेखी नेहमी पुल्लिंगी. "हा म्हणतोय, पुढच्या गल्लीत डावीकडे. बरोबर आहे. पण कुठून पुढच्या गल्लीत? वेबसाइटवर होता तेव्हा ठीक होतं. तिथे आजूबाजूचं सगळं त्याच्या ओळखीचं. आता तू त्याला मेलमध्ये घातलास आणि बोरिवलीतल्या कुणाच्या तरी फोनवर पाठवलास. तिथे कुठली गल्ली? याला पूर्ण पत्ता दे. घर, रस्ता, गाव, सगळं."

ती ओरडली नाही, हसलीही नाही. पूर्ण पत्ता स्वतःच टाईप केला आणि म्हणाली, "चालतं. सगळ्यांचं होतं पहिल्यांदा." माझ्या चुकीवर एवढं सलग ती बोलली ती त्या दिवशीच. पुढे सगळं "हा उभा कुठे आहे?" एवढ्यावर भागायचं.

जेवणानंतर ती खुर्चीतच झोपायची. मान ताठ, हात मांडीवर, चष्मा डोळ्यांवर तसाच. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई स्क्रीन वाचतेय. नवीन आलेल्या एका पोराने एकदा तिच्यासमोर उभं राहून पाच मिनिटं आपली अडचण सांगितली होती. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "आता पहिल्यापासून सांग."

एकदा पँट्रीत कुणीतरी छापील कागद लावला, कृपया इथे मांसाहारी डबा उघडू नये. रोख कुणावर होता हे सगळ्यांना कळत होतं. मला राग आला. मी म्हटलं, "तांडेल, आपण निमेश सरांकडे जाऊ." निमेश सर म्हणजे मालक, घाटकोपरचे. माणूस वाईट नव्हता, पण समोर क्लायंट असला की त्यांना दुसरं कुणी दिसायचं नाही. तांडेलने कागद नीट वाचला, डबा उचलला आणि गच्चीकडे निघाली. "चल ना. वर वारा असतो." त्यानंतर आम्ही दोघी रोज पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून जेवायला लागलो. तिचं बोंबलाचं कालवण आणि माझी कोबीची भाजी. ती माझी भाजी घ्यायची आणि मला विचारायची, "हे तू मुद्दाम खातेस का गं?"

गच्चीवरच तिने मला 'जोडणी'ची गोष्ट सांगितली. जोडणी म्हणजे तिने स्वतः लिहिलेला एक छोटा प्रोग्राम. क्लायंटकडून अर्ध्या पत्त्याच्या लिंक यायच्याच. कितीही सांगा, यायच्याच. जोडणी त्या अर्ध्या पत्त्याला त्या क्लायंटच्या वेबसाइटच्या पत्त्याचा सुरुवातीचा भाग लावून तो पूर्ण करायची. पण त्यासाठी क्लायंटने आपला मूळ पत्ता आधी दिलेला असायला हवा. दिलेला नसला की जोडणी मेल थांबवायची आणि तांडेल क्लायंटला फोन करून विचारायची.

निमेश सरांना हे थांबणं आवडत नव्हतं.

"तांडेल, यार, थांबवायचं कशाला? मागच्या मेलचा पत्ता लावून टाक ना. बहुतेक वेळा एकाच पार्टीचे मेल लागोपाठ जातात."

"आणि नसले तर?"

"तर काहीतरी उघडेल. एरर दिसली की लोक चिडतात. काहीतरी उघडलं पाहिजे."

"चुकीचं उघडलं तर जास्त चिडतील, सर."

तिने ते केलं नाही. पण भावाच्या मुलीच्या लग्नासाठी ती सुट्टीवर गेली, तेव्हा सरांनी दुसऱ्या एका मुलाकडून ते करून घेतलं. तो मुलगा पुढे नोकरी सोडून गेला. तांडेल हळदीचे पिवळे हात घेऊन परत आली, तिने बदल बघितला, हे काढायला हवं, असा सरांना एक मेल लिहिला. "बघू," असं उत्तर आलं. तिने परत विचारलं नाही.

त्यानंतर बरेच दिवस काही झालं नाही. मग एका दुपारी ऑफिसचा फोन वाजला. मेलच्या तळाशी मदतीसाठी म्हणून आमचा नंबर असायचा, पण त्यावर सहसा कुणी फोन करत नसे. तांडेल नुकती झोपेतून उठली होती. तिने सवयीने स्पीकर दाबला, कारण तिचा एक हात कायम माउसवर.

"तांडेल बोलतेय."

"बाय, रिपोर्टवालो नंबर हो?" पलीकडे वयस्कर बाई होती, बोलणं मालवणी. "माझ्या घोवाचो रिपोर्ट इलो म्हणान मेल इलो. दाबतंय तर हंय साडये दाखवतत गो! पैठणी, सेल, काय काय. माका सांग, माझो घोव खंय आसा ह्याच्यात?"

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी हसलं. मलाही हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू. तांडेलने चष्मा खाली घेतला आणि स्पीकर बंद करून फोन कानाला लावला.

"मावशी, चूक आमची आहे. तुमची नाही, तुमच्या फोनची नाही. फोन ठेवू नका. नाव सांगा."

गावडे मावशी. विक्रोळीच्या चाळीत राहायच्या. नवरा पूर्वी गिरणीत होता, मग वॉचमन. घशाजवळची गाठ काढून तपासायला दिली होती. मुलुंडच्या लॅबने सांगितलं होतं, रिपोर्ट मेलवर येईल. त्या लॅबने आपला मूळ पत्ता आम्हाला दिलेला नव्हता. त्यांच्या मेलच्या आधी एका साडीच्या दुकानाचा मेल गेला होता. जोडणीने त्या दुकानाचाच पत्ता लॅबच्या लिंकला लावला. रिपोर्टची वाट बघणाऱ्या सगळ्यांना त्या दिवशी आम्ही साड्या दाखवत होतो.

तांडेलने लॅबचा पूर्ण पत्ता शोधून योग्य लिंक मावशींना नव्याने पाठवली. तिला तो रिपोर्ट स्वतः उघडून बघता आला असता. मी खुणेनेच विचारलं. तिने मान हलवली. फोनवर हात ठेवून म्हणाली, "त्यांचा कागद आहे तो."

मावशी शेजारणीच्या फोनवरून बोलत होत्या, मेल त्यांच्या स्वतःच्या फोनवर होता. रिपोर्ट उघडला. पण तो इंग्रजीत.

"मावशी, ते डॉक्टरांना दाखवा. ते सांगतील."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. तांडेल नंतर म्हणाली की मावशी म्हणत होत्या, डॉक्टर उद्याक भेटतलो, रातभर माका झोप लागाची नाय. माका अक्षरां कळतत, शब्द कळणत नाय. मी अक्षरां सांगतंय, तू आयक.

"मावशी, मी डॉक्टर नाही हो," तांडेल म्हणाली. पण त्या सांगायला लागल्याच असाव्यात, कारण तांडेल एकेक अक्षर त्यांच्यामागून म्हणायला लागली. लहान मुलाचा अभ्यास घेताना म्हणतात तसं.

"एम... हां. ए. एल. आय. जी..."

तिथे ती थांबली. माउसवरचा हात तिने उचलून मांडीवर ठेवला. मलाही तोवर शब्द कळला होता. मॅलिग्नंट. म्हणजे कॅन्सरची.

"मावशी, एक मिनिट," तिचा आवाज बदलला नव्हता. "त्याच्या आधी काय लिहिलंय? आधीचे शब्द वाचा. एन आहे का कुठे? एन, ओ? नाही तर एन, ई, जी?"

ती 'नाही' शोधत होती, 'नो' किंवा 'निगेटिव्ह'. त्या शब्दाच्या मागे कुठेतरी एक 'नाही' असेल तर सगळं उलटं झालं असतं. मी माझ्या जागेवर बसून मनात म्हणत होते, एन असू दे.

"पी?" तांडेल म्हणाली. "बघा नीट. पी, ओ, एस... हां. कळलं. बस मावशी, पुढचं नका वाचू."

पॉझिटिव्ह. त्या शब्दामागे 'नाही' नव्हतं. पलीकडून विचारणं चालू असावं. मग ती म्हणाली, "मावशी, मी खोटं सांगणार नाही. रिपोर्ट चांगला नाही. पण त्याचं पुढे काय करायचं ते डॉक्टरच सांगणार, मी नाही. घरी कोण आहे तुमच्याजवळ? शेजारीण आहे ना? तिला तिथेच बसू दे. उद्या डॉक्टरकडे कोण येणार तुमच्याबरोबर? कोणीच नाही? किती वाजता?"

फोन ठेवल्यावर ती उठून बाथरूमला गेली. परत आली तेव्हा केस पुढून ओले होते. मी म्हटलं, "तुझी चूक नाहीये गं. तू तर आधीच सांगितलं होतंस."

"सांगितलं होतं. एकदा. त्यांनी बघू म्हटलं, मी दमले होते, सोडून दिलं." ती खुर्चीत बसली. "साड्या दाखवल्या आपण त्या बाईला, सुजाता."

मग तिने जोडणी उघडली आणि अंदाजाने पत्ता लावायचा भाग काढून टाकला. कुणाला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तांडेल अर्धी रजा टाकून विक्रोळीला गेली. इकडे सकाळपासून मेल थांबायला लागले. ज्या ज्या क्लायंटने मूळ पत्ता दिला नव्हता त्यांचा एकही मेल सुटेना. फोनवर फोन. दुपारी ती आली तेव्हा निमेश सर तिच्या टेबलाजवळच उभे होते.

"तांडेल, काय करून ठेवलंय? वाट लागलीय सकाळपासून!"

"थांबलेत. बरोबर आहे. मीच बंद केलं."

"चालू कर."

"नाही करणार, सर."

सर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. आवाज उतरवून म्हणाले, "हे बघ, झालं ते वाईट झालं. मी लॅबशी बोललोय, माफी मागितलीय. पण एका मेलसाठी सगळ्यांना थांबवणार तू?"

"मी आत्ता त्या मावशींबरोबर डॉक्टरकडे होते. तुम्ही या एकदा माझ्याबरोबर, मग चालू करते."

सर तिच्याकडे बघत राहिले. त्यांना स्वतःला ते चालू करता येत नव्हतं, आणि करता येणारा मुलगा सोडून गेला होता. पण नुसतं तेवढंच नसावं, असं मला अजून वाटतं. शेवटी ते उठले. "ठीक आहे. मग थांबलेला प्रत्येक मेल तू बघायचा. एक एक. मला क्लायंटचा एकही फोन नकोय."

"बघते," तांडेल म्हणाली.

ती जिंकली, असं आम्ही गच्चीवर म्हणालो. जिंकली म्हणजे काय झालं, तर तिचं काम दुप्पट झालं. रोज सकाळी थांबलेल्या मेलांचा ढीग तिची वाट बघत असायचा. एकेक उघडायचा, कोणाकडून आलाय बघायचं, फोन लावायचा. "तांडेल बोलतेय. तुमच्या मेलमधल्या लिंकचा पूर्ण पत्ता द्या." पलीकडचा वैतागायचा, आज तुम्हाला काय झालंय, आधी तर आपोआप जायचे. ती ऐकून घ्यायची आणि तेच वाक्य परत म्हणायची. काही क्लायंट शिकले. पण तेवढेच नवे यायचे. दुपारची झोप गेली. चष्म्याचा नंबर वाढला. मी एकदा म्हटलं, "दुसरं कुणी घे ना हाताखाली." म्हणाली, "दिला होता सरांनी एक. तो दमला."

गावडे मावशींचे फोन येत राहिले. रिपोर्टसाठी नाही. त्यांच्या फोनवर गॅसचा, बँकेचा, कसलाही मेल आला की त्या दाबायच्या आधी तांडेलला विचारायच्या, "बाय, ह्या दाबू काय नको?" तांडेल हातातलं काम ठेवून त्यांच्याकडून पत्त्याची अक्षरं वदवून घ्यायची आणि दाबा किंवा पुसून टाका, ते सांगायची. मी अधूनमधून विचारायचे, "गावडे काका कसे आहेत?"

"आहेत," एवढंच.

कधी "आहेत, पण जेवण जात नाही." कधी "आहेत, गावी जायचं म्हणतायत." दिवाळीनंतर एकदा असंच विचारलं, तर म्हणाली, "गेले." आणि पुढचा मेल उघडला. मग फोन लावला. "तांडेल बोलतेय. तुमच्या मेलमधल्या लिंकचा..."

पुढे तिच्या आईचे गुडघे गेले, बाजारात बसणं बंद झालं. भावाच्या बायकोला एकटीला जमेना. तांडेलने राजीनामा दिला तेव्हा निमेश सरांनी केक आणला, दोन शब्द बोलले. तिने केकचा तुकडा खाल्ला, सगळ्यांना "चला" म्हणाली आणि नेहमीच्या वेळेला बोटीसाठी निघून गेली. तिच्यानंतर थांबलेले मेल बघायला कुणी नव्हतं. काही आठवड्यांनी सरांनी बाहेरून एक नवीन प्रोग्राम विकत घेतला. तो काय करतो, थांबवतो की काहीतरी लावून टाकतो, हे मी कधी विचारलं नाही. वर्षभरात मीही ती नोकरी सोडली.

आमचं बोलणं दिवाळीच्या मेसेजवर आलं. मग तेही एखाद्या वर्षी राहिलं.

गेल्या उन्हाळ्यात मी नव्या ऑफिसच्या कामाने मढला गेले होते. एका जाहिरातीच्या शूटिंगसाठी बंगला बघायचा होता. कोळीवाड्यातून जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर आमची गाडी अडली. पुढे बर्फाचा टेम्पो उभा होता आणि त्याच्यामागे एक बाई त्या टेम्पोवाल्याला झाडत होती.

"यो बरफ हाय का पानी? सकालपासून उनान ठेवलास नि आता मना देतस? उचल तो, मागचा दे! मागचा!"

पाठमोरी होती. साडी वर खोचलेली, डोक्याला रुमाल. आवाज असा की रस्त्यापलीकडच्या बायका मासे निवडायचं सोडून बघत होत्या आणि एक जण तर हसून तिला आणखी चढवत होती. टेम्पोवाल्याने निमूट मागची लादी ओढली. तिने ती हाताने चापटून बघितली, गोणपाटात गुंडाळली आणि वळली, तेव्हा मला चेहरा दिसला. तांडेल. चष्मा कपाळावर. काळी पडली होती, वाळलीही होती. मी दार उघडणार होते. हात दांडीवर गेलाही होता.

ती आणि टेम्पोवाला लादीची दोन टोकं धरून रस्त्याच्या मधोमध चालायला लागले. मधेच ती थांबली, लादी गुडघ्यावर टेकवली, धाप आवरली. भांडण तोवर संपलेलं असावं, कारण ती त्याला त्याच्या पोराच्या परीक्षेचं विचारत होती. तो सांगत होता. पाणी तिच्या पदरावरून खाली गळत होतं.

ड्रायव्हरने हॉर्न द्यायला हात उचलला. "मॅडम, उतरून बाजूला व्हायला सांगू का त्यांना?"

"नको," मी म्हटलं. "जड आहे ते. जाऊ दे त्यांना आधी."